वाक्य बरोबर होतं

आमच्या शेजारच्या तीनेकेचे केस लाल होते. हे मराठीत सांगायला गेलं की पंचाईत होते. लाल म्हटलं की आपल्याला कुंकू आठवतं, तांबूस म्हटलं की संध्याकाळचं आभाळ, आणि पिंगट म्हटलं की डोक्याला तेल न लागलेलं पोर. तिच्या केसांचा रंग मला शेवटी स्वयंपाकघरात सापडला. मसुराची डाळ शिजायला लागली की तिचा केशरी रंग पिवळटाकडे सरकतो ना, त्याच्या अधलामधला तो रंग होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पुरता उतरलेला नव्हता. आमच्या रस्त्याच्या टोकाला आधी ते डोकं दिसायचं आणि मग सायकल.

त्या केसांवरून मी एकदा बोलले. नको ते बोलले, आणि पुढे जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. तीनेके आता इथे राहत नाही. तिच्या घरात एक तरुण जोडपं आलंय, चांगली माणसं आहेत, पण त्या दाराकडे बघायचं मी अजून टाळते.

आम्ही पुण्याहून उइटहॉर्न या डच गावी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने बेल वाजवली होती. हातात कचऱ्याचं वेळापत्रक. कुठल्या वारी कुठला डबा बाहेर ठेवायचा हे तिने मला असं समजावलं, जसं काही त्यावर देश चालतो. मग म्हणाली, "मी तीनेके. मला तीनेकेच म्हणायचं. बाईसाहेब म्हणालीस तर ओ देणार नाही." आईच्या वयाच्या बाईला एकेरी हाक मारताना माझी जीभ महिनाभर अडखळत होती. ती मात्र कुंपणापलीकडून माझ्या नावाचे तुकडे करत खुशाल हाका मारायची.

आवाज दणदणीत होता. तीस-पस्तीस वर्षं तिने मुलांना पोहायला शिकवलं होतं. कमरेवर हात ठेवून उभी राहायची, गळ्यात शिट्टी नसली तरी ती आहे असं वाटायचं. 'नॉख एन केर!' म्हणजे 'पुन्हा एकदा!' हे तिचं लाडकं वाक्य. भाजी चिरताना माझी सुरी चुकीच्या कोनात दिसली तरी 'नॉख एन केर!' मी तिला एकदा विचारलं, पोहणंच का निवडलंस? ती म्हणाली, "टोपी. तलावात सगळ्यांनी टोपी घालायची असा नियम होता. टोपीखाली सगळे सारखेच." हे तिने हसत सांगितलं, आणि मीही हसले.

दर बुधवारी दहा वाजता ती मला डच शिकवायची. मला इथली भाषेची परीक्षा द्यायची होती. या भाषेत प्रत्येक नामाआधी 'द' किंवा 'हेट' लावावं लागतं आणि कुठे काय लावायचं याला काहीही कारण नाही. मी चुकले की ती टेबलावर एकदा बोटाने टकटक करायची. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. स्वतःची चूक कोणी अशी वाजवून दाखवली की मला घाम फुटायचा. तिच्या ते लक्षात आलं असावं. एकदा म्हणाली, "परीक्षेचं सोड. ज्या दिवशी तू डचमध्ये विनोद करशील आणि चार डच माणसं हसतील, त्या दिवशी तुला भाषा आली असं मी समजेन." हे मी मनावर घेतलं. वहीत शेवटच्या पानावर विनोद लिहून ठेवायला सुरुवात केली.

त्या हिवाळ्यात आई आली, तीन महिन्यांसाठी. तीनेकेला पाहिल्यावर तिचं पहिलं वाक्य, "बाई मेंदी छान लावते. मुळाशी पांढरं दिसत नाही अजिबात. कुठली वापरते विचार." मी सांगितलं की हे असेच असतात केस, जन्मतःच. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परदेशात येऊन फार भोळी झालेय. दोन दिवसांनी स्वतःच्या बॅगेतलं मेंदीचं पाकीट घेऊन ती तीनेकेच्या दारात उभी. तीनेकेने पाकिटावरचं चित्र पाहिलं, आईच्या मेंदीने केशरी झालेल्या केसांकडे पाहिलं, आणि तिला उलगडा झाला. ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी भांग पाडून आईपुढे डोकं धरलं. आईने चष्मा लावला. उवा बघतात तशी बट बट करून पाहिली. "अगं बाई, खरंच की!" म्हणाली, आणि तिथल्या तिथे तीनेकेच्या चेहऱ्यावरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

हे काय केलं, असं तीनेकेने विचारलं. मी म्हटलं, केस फार सुंदर आहेत, त्यांना कोणाची नजर लागू नये म्हणून. तिने स्वतःच्या केसांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "आमच्या गावात उलटं होतं." तिचं गाव नायमेखनजवळ, वाल नदीच्या काठी. तिथले जुने नावाडी सकाळी कामावर निघताना समोर ही लाल केसांची मुलगी आली की मागे फिरायचे, थोडा वेळ घरात बसून मग पुन्हा निघायचे. शाळेत पोरं तिला दीपस्तंभ म्हणायची. "नजर माझी लागायची," ती म्हणाली. आईला मी हे मराठीत सांगितलं. आईने पुन्हा बोटं मोडली.

मार्च उजाडला आणि साथीमुळे सगळं बंद झालं. आई अडकली. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, शहरातल्या ऑफिसातून घरी आला तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यातच बसला. आमच्या मुलीचा, सईचा पोहण्याचा वर्ग बंद पडला आणि डिप्लोमा अर्धवट राहिला म्हणून ती रडत बसली. तर तीनेकेने कुंपणापलीकडून फर्मान काढलं, स्टूल आणा. सईला स्टुलावर पालथं झोपवलं आणि स्वतः दीड मीटर लांब उभी राहून कोरड्या बागेत तिला बेडकासारखे पाय मारायला लावले. सई आमचं मराठी ऐकून उत्तर डचमध्येच देते, त्यामुळे त्या दोघींची जोडी जमली होती. "पाय दुमड, पसर, मिट!" असं रोज साडेचारला सुरू व्हायचं. बाकीचे शेजारी खिडक्यांमधून बघायचे. त्या दिवसांत आमच्या गल्लीत हसण्यासारखं तेवढंच होतं.

तिच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाच्या आधी ती एका बुधवारी कुंपणाशी आली. शिकवणी आता कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकून चालायची. त्या दिवशी तिने पुस्तक उघडलंच नाही. "विम येतोय," म्हणाली. विम तिचा थोरला भाऊ, ऐंशीचा, नायमेखनला राहणारा. अकरा वर्षांत दोघं भेटले नव्हते. नाताळला एक फोन, तोही हवापाण्याचा. "त्याने स्वतःहून फोन केला. मला काहीतरी सांगायचंय म्हणाला. मी म्हटलं, सांग. तर म्हणाला, हे फोनवर सांगण्यासारखं नाही." आठवडाभर ती त्याच नादात होती. बागेतल्या खुर्च्या टेप लावून दीड-दीड मीटरवर मांडल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या. मला तीनदा विचारलं, हा शर्ट बरा दिसतो का. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

वाढदिवसाला आम्ही होतो, आई होती, समोरच्या घरातले आजी-आजोबा होते, आणि विम. उंच, पाठीत वाकलेला, पूर्वीचे काळे केस पांढरे झालेला शांत म्हातारा. उन्हातही कोट घालून बसला होता आणि मधूनमधून आतल्या खिशावर हात ठेवायचा. माणसं पांगायची वाट बघतोय हे दिसत होतं. केक झाला. समोरचे आजोबा विमला म्हणाले, "तुम्ही तर काळ्या केसांचे होतात म्हणे. मग हिचे हे केस आले कुठून?"

मला वाटलं, आली वेळ. वहीतल्या शेवटच्या पानावर होतं ते. मिलिंदच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं होतं आणि सगळे हसले होते. इथे लाल केसांचं मूल झालं की गमतीने म्हणतात तसं. मी स्पष्ट उच्चारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "फान द मेल्कबूर, नातूरलक!" दूधवाल्याकडून, अर्थातच.

समोरचे आजी-आजोबा खो खो हसले. मी तीनेकेकडे पाहिलं, शाबासकीसाठी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. विमने कप बशीत ठेवला. उठला. तीनेकेकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तू शेजाऱ्यांनाही सांगितलंस. त्यांना हसायला दिलंस." आणि बाजूच्या फाटकातून निघून गेला. तीनेके त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. गाडी निघाल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तू काय बोललीस तिथे?" मी मराठीत सांगितलं. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून जेमतेम निघालं. आई म्हणाली, "दूधवाला? अगं, आपल्या वाडीत कोणी कुणाच्या आईबद्दल असं बोललं असतं तर तू त्याच्या थोबाडीत दिली असतीस." खरं होतं. डचमध्ये मला त्या शब्दांचं वजनच लागलं नव्हतं. मला ते नुसतं वहीतलं एक बरोबर वाक्य वाटलं होतं.

पुढच्या बुधवारी मी कुंपणाशी गेले, मान खाली घालून. ती खुर्चीत बसलेली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "वाक्य बरोबर होतं," म्हणाली. "उच्चारसुद्धा." मग तिने सांगितलं.

तिचे वडील काळ्या केसांचे, आई सोनेरी, भाऊ काळ्या केसांचा. ही जन्मली आणि गावाने तो विनोद केला. गावात तो रोजच कोणावर ना कोणावर व्हायचा. पण तिच्या वडलांनी तो खरा मानला. त्यांनी तिला जन्मभर नावाने हाक मारली नाही, 'ती लाल' म्हणायचे. विमला सायकलच्या दांड्यावर बसवून नायमेखनच्या बाजारात न्यायचे, हिला कधी नाही. चर्चमधल्या लहानपणीच्या समारंभाला आईने अक्रोडाच्या हिरव्या सालींचा काढा करून हिचे केस काळपट रंगवले. त्या दिवशीचा फोटो चौकटीत लागला. घरात तिचा तेवढाच फोटो होता. "आणि दूधवाला?" ती म्हणाली. "दूधवाला टकला होता." आम्ही दोघी हसलो आणि मग मला रडू आलं. ती रडली नाही.

"विमला वाटतंय मी हे सगळीकडे सांगत फिरते. आईची बदनामी करते. फोन उचलत नाही माझा."

"मी त्याला पत्र लिहिते," मी म्हटलं. "तू मला काही सांगितलं नव्हतंस, चूक माझी आहे, असं लिहिते. तू फक्त तपासून दे."

"मी तपासणार नाही. माझा हात लागला की त्याला कळेल. तुझं तू लिही. चुका असू देत. चुका असल्या तरच त्याला खरं वाटेल." पत्ता तिने तेव्हाच लिहून दिला.

इतकं सोपं काम होतं. चार ओळींचं पत्र. त्याच रात्री मी कच्चं लिहिलं. पहिल्याच ओळीत 'गैरसमज' या शब्दाआधी 'द' की 'हेट', अडले. ते पाहिलं, तर पुढच्या वाक्यात क्रियापदाची जागा पटेना. एका मयत झालेल्या आईच्या अब्रूबद्दल ऐंशी वर्षांच्या माणसाला मी चुकीच्या भाषेत कसं लिहू? जिला विचारता आलं असतं तिलाच विचारायचं नव्हतं. उद्या स्वच्छ लिहू म्हटलं. जुलैत आईला विशेष विमानात जागा मिळाली, तिची बांधाबांध झाली. मग सईची शाळा, मग ऑफिसात माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज. कागद डच शब्दकोशात खुणेसारखा पडून होता.

सप्टेंबरात एका बुधवारी तीनेकेने विचारलं, "पाठवलंस?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं, याचं उत्तर मी स्वतःला खूपदा मागितलं आहे. दुसऱ्या दिवशी पाठवणारच होते, मग ते खरंच ठरलं असतं, असं मनात होतं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तो मोकळा झाल्यावर मला शब्द परत घेता येईनात. त्या दिवसापासून ती फोन बागेत घेऊन बसायला लागली. पोस्टमन आला की आधी दारात ती. आणि मी तारखेची भानगड नको म्हणून आता पत्र पाठवायलाच घाबरायला लागले. ते आता उशिरा पोचलं तर तिला कळेल की मी खोटं बोलले. एका माणसाचं उरलेलं आयुष्य आणि माझी लाज, यात मी लाज सांभाळली.

ऑक्टोबरात विमला वृद्धाश्रमात ठेवलं. भेटी बंद होत्या. नोव्हेंबरात साथ तिथे शिरली आणि विम गेला.

अंत्यविधीला तीस माणसांची मर्यादा होती. विमची मुलगी मार्लूस हिने फोन केला, चाचरत सांगितलं की मुलं-नातवंडं धरूनच तीस होतात. तीनेके म्हणाली, समजू शकते. चर्चने ऑनलाइन दाखवायची सोय केली होती. मिलिंदने तिच्या टेबलावर लॅपटॉप लावून दिला आणि मी मास्क लावून दाराजवळच्या खुर्चीत बसले. तिने तोच वाढदिवसाचा शर्ट घातला होता. कॅमेरा मागे वर कुठेतरी होता, सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. मार्लूस आली, कडेवर तिची नात, वर्षाच्या आतली. बसल्यावर तिने त्या बाळाची लोकरी टोपी काढली.

तीनेके उठली. स्क्रीनजवळ गेली, चष्मा काढला, पुन्हा लावला. ते बाळ कॅमेऱ्याकडे मागे वळून बघत होतं. डोकं लालभडक होतं, कच्च्या मसुराच्या डाळीसारखं. तीनेकेने मला हाक मारली, तिच्या त्या तलावावरच्या आवाजात, "बघ! बघ ना! ही आमची आहे!" तिकडे पाद्री प्रार्थना म्हणत होता आणि ही इकडे टेबलाला धरून उभी, हसत होती आणि रडत होती. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मार्लूसचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तीनेकेने मला कुंपणाशी बोलावून सगळं सांगितलं. बाळाचं नाव लोट. विम तिचा फोटो कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. ती जन्मल्यावर तो म्हणाला होता, "ही आमची तीनेके परत आली." बापाने बहिणीवर अन्याय केला आणि आपण बघत बसलो, हे त्याला तिला समोर बसून सांगायचं होतं. वाढदिवसाला तो त्यासाठीच आला होता.

घरी मी हे मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "तसं त्यातून तीनेकेचा बाप कोण हे काही सिद्ध होत नाही. तो रंग विमच्या बायकोकडूनही आला असेल." मी त्याला गप्प बस म्हटलं, इतक्या जोरात की सई वरून खाली आली.

पण तीनेके पुढे जे म्हणाली ते मी मिलिंदलाही सांगितलं नाही. ती म्हणाली, "एक कळत नाही. तुझं पत्र मिळाल्यावर तरी त्याने फोन करायला हवा होता. मी मार्लूसला विचारलं, त्याच्या सामानात तुझं पत्र नाही. फाडून टाकलं असेल. विम लहानपणापासून हट्टी." मी कुंपणाची पानं तोडत उभी होते. पत्र तेव्हाही शब्दकोशातच होतं. त्या एका क्षणी मी बोलले असते तर तिचा भाऊ तिला परत मिळाला असता, मेल्यावर का होईना. मी म्हटलं, "असेल."

हिवाळा गेला. मी परीक्षा पास झाले, तिने केक केला. लस आली, तिची झाली. उन्हाळ्यात तिने घर विकायला काढलं आणि मार्लूसच्या घराजवळ नायमेखनला दोन खोल्या घेतल्या. लोट चालायला लागली होती, तिला पाण्यात उतरवायचं होतं म्हणे. त्या शेवटच्या महिन्यात मी रोज ठरवायचे, आज सांगेन. एकदा बेलपर्यंत बोट नेलं आणि परत आले.

निघायच्या दिवशी मार्लूस गाडी घेऊन आली. सामानाचा ट्रक आधीच गेला होता. मागच्या सीटवर लोट पट्टा बांधून बसलेली, तीनेके तिच्या शेजारी. सईने दोघींना गालावर मुका दिला. मी खिडकीशी वाकले. तीनेकेने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"माझ्या घरच्यांनी माझ्यासाठी कधी एक ओळ लिहिली नाही," ती म्हणाली. "तू लिहिलीस. परक्या भाषेत. त्याने फाडली, तो त्याचा दोष. मी हे विसरणार नाही."

मी तोंड उघडलं. 'मी ते पत्र पाठवलंच नाही.' एवढं वाक्य मला तोवर उत्तम येत होतं. मार्लूसने गाडी सुरू केली, तीनेकेने माझा हात सोडला. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक उतरत्या रंगाचं आणि एक नुकतं चढत्या रंगाचं, आणि मोठं डोकं लहान डोक्याकडे वाकून काहीतरी सांगत होतं. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले.